परदेशातलं पहिलं घर: दोन-तीन महिन्यांपुरतं घेतलंत की सरळ कायमच्या करारावर? अनुभव लिहा

निशिगंध:
काल भाच्याचा फोन आला. जानेवारीत म्युनिकला नोकरीवर रुजू होतोय. "मावशी, आधी तीन महिन्यांचं सामानासकट घर घेऊ की थेट कायमचा करार करू?" फोन ठेवल्यावर मी कपाटातला जुना डबा काढून बसले. त्यात आमच्या आडनावाची बोटभर लांबीची पट्टी आहे, श्टुटगार्टच्या टपालपेटीवरची.

२०१६ च्या ऑक्टोबरात गेलो तेव्हा लेक चार वर्षांची होती. कंपनीने तीन आठवडे राहायची सोय केली. पुढे एका बाईंचं घर दोन महिन्यांसाठी मिळालं. पलंग, भांडी, चादरी, सगळं होतं. भाडं चढं होतं, पण त्याचं काही नाही. त्यांनी एकच अट घातली, पेटीवर नाव लावायचं नाही आणि त्या पत्त्यावर आन्मेल्डुंग, म्हणजे नगरपालिकेत रहिवासाची नोंद, करायची नाही. आम्ही हो म्हटलं. थकलो होतो.

जर्मनीत घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत ही नोंद करावी लागते, आणि नोव्हेंबर २०१५ पासून त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. नोंद झाली की कर-क्रमांक टपालाने घरी येतो. तो नसला तर सहाव्या वर्गाने, म्हणजे सर्वांत चढ्या दराने, कर कापला जाऊ शकतो. आमचा कापला. पुढे परत मिळाला, पण तेव्हा एकेक युरो मोजत होतो. बँकेतलं खातंही अडलं. तिकडे इमारतीत फ्लॅटला सहसा नंबर नसतो, पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. आमचं नावच नाही, तर पत्रं येणार कुठे?

मग कायमचं घर शोधायला लागलो. एकेका घराला तीस-चाळीस माणसं जिन्यात रांगेत, प्रत्येकाच्या हातात फाइल: तीन पगारपत्रकं, शूफाचा दाखला (कर्ज-देणी वेळेवर फेडतो की नाही याचा), आधीच्या मालकाचं पत्र. आमच्याकडे यातलं पहिलंच तेवढं होतं. शेवटी एका आजींनी घर दिलं, त्या खालच्या मजल्यावर राहायच्या. घर रिकामं होतं. स्वयंपाकघरात नळाचे पाइप आणि छताला लोंबणाऱ्या वायरी. पाच आठवडे एका विजेच्या शेगडीवर वरणभात केला.

आजींनी स्वतःच्या हाताने आमच्या नावाची पट्टी पेटीवर बसवली. आठवड्या-दोन आठवड्यांनी कर-क्रमांकाचं पाकीट त्या पेटीत आलं आणि मी तिथेच पायरीवर बसून रडले.

भाच्याला काय सांगू ते मला कळतंय, पण तुमच्याकडूनही ऐकायचंय.

पोळीभाजी:
स्वयंपाकघर नसलेलं घर?? म्हणजे ओटासुद्धा नाही?

निशिगंध:
@पोळीभाजी, ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत. जाणारा भाडेकरू बऱ्याचदा स्वतःचं किचन उचलून नेतो, नाहीतर नव्याला विकतो. तो व्यवहार भाड्याच्या करारापेक्षा वेगळा.

कृष्णाकाठ:
ती पेटी वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

आमचं तोक्यो. मी उलट सांगेन, पहिले काही महिने 'मंथली मॅन्शन'मध्येच, म्हणजे महिन्याच्या बोलीवर मिळणाऱ्या सामानासकटच्या घरातच राहा. तिथे कायमचा करार करायचा म्हणजे एकदम चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम हातात हवी. एक शिकिकिन, ते डिपॉझिट. एक रेकिन, मालकाला 'आभार' म्हणून द्यायचं, परत मिळत नाही. एजंटचा एक महिना, हमी कंपनीची फी, आणि पहिलं भाडं. पुन्हा दर दोन वर्षांनी नूतनीकरणाचे पैसे वेगळे. अहोंचा प्रकल्प किती चालेल ते नक्की नव्हतं. रेकिन देऊन आठ महिन्यांत परतलो असतो तर पैसा पाण्यात.

तीन ठिकाणी एजंटने फोनवर मालकाशी बोलून आम्हाला हळूच सांगितलं, "परदेशी नकोत म्हणतात." अहो शांत होते. मला रात्री झोप लागली नाही.

शेवटी यूआरचं घर मिळालं. ती सरकारी व्यवस्थेतली घरं, रेकिन नाही, एजंट नाही, हमीदार नाही, नूतनीकरणाची फी नाही. उत्पन्नाची अट आहे आणि इमारती जुन्या असतात, पण मजबूत. सहाव्या मजल्यावरून चेरीची झाडं दिसायची. तिथे नोंद १४ दिवसांत करायची असते, पत्ता रहिवासी कार्डाच्या मागे छापून देतात.

दुर्वा_आई:
कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते. नेदरलँड्समधलं आइंडहोव्हन. फसवणूक झाली होती 😔

तळजाई:
दुबईत अल्पमुदतीचं घर फक्त नवरा एकटा आधी जात असेल तर. कुटुंबाचा व्हिसा करायचा तर नोंदलेला भाडेकरार लागतो, त्याला इजारी म्हणतात. आणि भाडं पुढच्या तारखांच्या चेकने. वर्षाचं भाडं जितक्या कमी चेकमध्ये द्याल तितकी घासाघीस करता येते. आम्ही चार चेकवर घेतलं. चेकबुक यायलाच वेळ गेला, म्हणून पहिले सहा आठवडे हॉटेल-अपार्टमेंट.

आजीचा_डबा:
हमीदार, शूफा, चेक... आमच्या वेळी लंडनला मित्राच्या हॉलमध्ये गादी टाकून दोन महिने काढले. त्या मित्राच्या आईचं नाव घेतलं की अजून हात जोडले जातात. रोज पोळ्या करून घालायची माउली.

पोळीभाजी:
@आजीचा_डबा, अशी एक तरी माउली प्रत्येकाला भेटो 🙏

मुळामुठा:
मी दुसऱ्या बाजूची, घरमालकीण. पुण्यात वरचा मजला एका कोरियन कुटुंबाला दिला होता, ते चाकणच्या कारखान्यात होते. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत ऑनलाइन सी-फॉर्म भरावा लागायचा, म्हणजे त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला द्यायची. शिवाय ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची. पहिल्यांदा मला भीती वाटली, कुठे चुकले तर? शेजारीपाजारी म्हणाले, "कशाला ही कटकट?" पण त्यांची मुलगी खाली येऊन माझ्याबरोबर रांगोळीचे ठिपके मोजायची. निशिगंधच्या आजींनी नाव का लावलं असेल ते मला समजतं.

दुर्वा_आई:
आले. तर २०२२. ऑनलाइन जाहिरातीत घर आवडलं, फोटो सुंदर. मालक म्हणाला मी परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो, डिपॉझिट आधी भरा. १२०० युरो भरले. किल्ली आली नाही. पोलिसांत तक्रार केली, पैसे गेले ते गेलेच. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि चावी हातात आल्याशिवाय एक पैसा पाठवू नका, तुमच्या ओळखीचं कोणी तिथे असेल तर त्याला बघायला पाठवा. ऑफिसातल्या अनोळखी सहकाऱ्याला विनंती केली तरी चालते, माणसं जातात.

नंतर चार महिन्यांचं घर घेतलं, तिथेही नोंद करू देत नव्हते. नेदरलँड्समध्ये नोंदीशिवाय राहणं म्हणजे अधांतरी लटकणं, पाळणाघराचा भत्तासुद्धा अडतो. आता कायदा बराच भाडेकरूच्या बाजूने आहे. जुलै २०२३ पासून नव्या करारात दोन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही, आणि १ जुलै २०२४ पासून नवे करार काही अपवाद सोडले तर बेमुदत. पण म्हणून मालक जास्त पारखून घेतात.

कृष्णाकाठ:
अगं दुर्वा 😢 नवीन देशात पहिल्याच महिन्यात असं. कशी सावरलीस?

दुर्वा_आई:
सासूबाईंनी फोनवर सांगितलं, "पैसे गेले, माणसं सुखरूप आहेत ना?" तेवढं पुरलं.

उंबरठा:
सिंगापूर. दोन वर्षांचा करार करताना डिप्लोमॅटिक क्लॉज आहे का बघा. साधारण वर्ष झाल्यावर, नोकरी गेली किंवा बदली झाली तर दोन महिन्यांच्या सूचनेवर घर सोडता येतं. माझी नोकरी चौदाव्या महिन्यात गेली. त्या एका कलमाने मुलाच्या शाळेची फी वाचवली. आणि हो, तिथे खासगी फ्लॅट तीन महिन्यांपेक्षा कमी आणि सरकारी एचडीबी सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीला भाड्याने देता येत नाही, त्यामुळे 'महिन्याभरासाठी फ्लॅट देतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. परवानाधारक सर्व्हिस्ड अपार्टमेंट वेगळं.

पोळीभाजी:
विषय सोडून विचारते, फोडणीचं काय करता? ताईकडे टोरांटोला धुराचा अलार्म वाजला आणि सगळी इमारत जिन्यात.

तळजाई:
आधी खिडकी उघडायची, मग तेल तापवायचं. मोहरी तडतडली की लगेच झाकण.

निशिगंध:
जर्मनीत खिडकी तशीही दिवसातून दोन-तीनदा सताड उघडायची, करारातच लिहिलेलं असतं, ओल धरू नये म्हणून. आमच्या आजी हिंगाचा वास आला की वर येऊन विचारायच्या, आज काय केलंय? त्यांना आमटी आवडायला लागली होती. २०२१ मध्ये गेल्या.

सगळ्यांचं वाचून भाच्याला लिहिलं: पहिले तीन महिने सामानासकटचं घर घे, कारण पगारपत्रकं आणि शूफा हातात नसताना म्युनिकमध्ये कायमचं घर कोणी देणार नाही. पण पैशाचं बोलायच्या आधी विचार, आन्मेल्डुंग करू द्याल का, पेटीवर नाव लावाल का. नाही म्हणाले तर स्वस्त असलं तरी सोड. कायमचा करार करशील तेव्हा डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटहून, म्हणजे खर्च सोडून नुसत्या भाड्याहून, जास्त देऊ नकोस. ते तीन हप्त्यांत भरायचा हक्क आहे. आणि सोडताना तीन महिन्यांची सूचना, हे आत्ताच डायरीत लिही.

मुळामुठा:
आजींना नमस्कार 🙏 मग काय म्हणाला भाचा?

निशिगंध:
आत्ताच मेसेज आला. तीन महिन्यांच्या घराच्या मालकीणबाई दोन्हीला हो म्हणाल्यात. आता विचारतोय कुकर न्यावा का.

दुर्वा_आई:
न्यावा. रिंगा दोन जादा.