शब्दचर्चा: 'ऐतिहासिक वाहन', 'पुरातन वाहन' की नुसती 'जुनी गाडी'?

मांजराकाठ:
आमच्याकडं लातूर-औशात जुन्या गाड्या जपणाऱ्यांसाठी मराठीत एक छोटं माहितीपत्रक काढायचं ठरलंय. कर, तपासणी आणि विमा असे तीन भाग. पहिल्याच ओळीत गाडं अडलं. केंद्राच्या नियमात 'विंटेज मोटार व्हेइकल' आहे. एकजण म्हणतो 'ऐतिहासिक वाहन' लिहा, दुसऱ्याला 'पुरातन' पाहिजे, तिसरा म्हणतो 'जुनी गाडी' म्हणा, विषय संपला. वाचणार कोण, तर गॅरेजवाले, शेतकरी, निवृत्त मास्तर. काय लिहावं? आणि 'विंटेज' की 'व्हिंटेज' तेही सांगा.

पैठणगेट:
'जुनी गाडी' नको. आपल्या बोलण्यात 'जुनी गाडी घेतली' म्हणजे कुणीतरी चार वर्षं वापरून विकलेली. 'जुन्या गाड्या मिळतील' अशी पाटी असते तिथं लँडमास्टरसारखी पन्नासच्या दशकातली मोटार मिळत नसते.

'पुरातन' त्याहून नको. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं साधारण शंभर वर्षांची अट घालून ते घर आधीच अडवलंय. तेरच्या संग्रहालयातल्या सातवाहनकालीन मृण्मूर्तींशेजारी साठच्या दशकातली जावा मोटारसायकल उभी केली तर तिलाच अवघडल्यासारखं होईल.

राहिला 'ऐतिहासिक'. तो शब्द सभांनी आणि निर्णयांनी पार झिजवलाय. शिवाय मराठीत ऐतिहासिक वस्तू कुणा मोठ्या माणसाची लागते, अमक्या सरदाराची तलवार वगैरे. आजोबांच्या लँब्रेटाला इतिहास असेल, पण म्हणून ती ऐतिहासिक होत नाही.

दख्खनी:
मग इंग्रजीच ठेवा की. मुळात तो द्राक्षकाढणीचा शब्द. अमक्या सालच्या द्राक्षांची वाइन असं सांगायला वापरायचे, तिथून मोटारींवर आला. जालन्याकडच्या कडवंचीच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगून बघा, म्हणेल आमचा माल पन्नास वर्षं टिकत नाही बापा.

मिस्त्री:
शब्द तुम्ही शिकलेल्यांनी ठरवा. पण कोणत्या कागदावरचा विंटेज, ते आधी बोला. आरटीओचा वेगळा आहे आणि विम्याचा वेगळा.

आरटीओचा म्हणजे १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेतला. दुचाकी नाहीतर चारचाकी, धंद्याची नसलेली, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठी उलथापालथ न केलेली. विम्याच्या २००२ च्या दरपत्रकातली विंटेज कार म्हणजे ३१ डिसेंबर १९४० च्या आधी बनलेली, तीही व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचा दाखला असलेली. आता सांगा, बहात्तरच्या दुष्काळाच्या साली बाजारात आलेला पहिला चेतक विंटेज आहे का नाही? एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही.

शब्दपेठ:
मिस्त्रीकाकांनी नेमकं बोट ठेवलं. आपण सगळे 'गाडी'ला विशेषण शोधतोय, पण नियमाच्या दृष्टीनं ते विशेषण 'नोंदणी'चं आहे. पन्नास वर्षं झाली म्हणून गाडी आपोआप कुठल्या वेगळ्या वर्गात जात नाही. मालकानं अर्ज करायचा, राज्यानं नेमलेल्या समितीनं गाडी बघायची, मग प्रमाणपत्र. ते घेतलं नाही तर गाडी कितीही देखणी असो, कागदोपत्री ती साधं खासगी वाहन. म्हणून 'विंटेज नोंदणीची गाडी' असं लिहा. मोठं आहे, पण खरं आहे.

आणि मांजराकाठ दादा, ही नोंदणी प्रत्येकानं घ्यावीच असं पत्रकात सुचवू नका. ती घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, त्यासाठी जाणंयेणं, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच रस्त्यावर आणायची. ज्याची १९६८ ची बुलेट अजून दर आठवड्याला बाजाराला जाते, त्यानं साध्या नोंदणीतच राहावं हे माझं स्पष्ट मत.

मांजराकाठ:
ताई, हे पटलं. आता 'पासिंग'चं सांगा. आमच्याकडं सगळे तोच शब्द वापरतात आणि दर वेळी वेगळ्या अर्थानं. मी पत्रकात 'नोंदणी नूतनीकरण' लिहिलं तर एकानं विचारलं, हे पासिंगच्या अगोदर करायचं का नंतर!

पैठणगेट:
पासिंग हा आपला खास अस्सल शब्द झालाय. इंग्रजाला कळणार नाही. 'गाडी वीस पासिंग आहे' म्हणजे छत्रपती संभाजीनगरची, 'चोवीस पासिंग' लातूरची, 'सव्वीस' नांदेडची. इथं पासिंग म्हणजे गाडीचं गाव. 'पासिंगला नेली' म्हणजे आरटीओच्या मैदानावर तपासणीला नेली. 'पासिंग संपलं' म्हणजे मुदत संपली. तीन अर्थ, आणि बोलणारा कधी गोंधळत नाही, कारण क्रियापद बदलतं: असणं, नेणं, संपणं. लिहिताना मात्र गोंधळ होतो, कारण पत्रकात आपण क्रियापदं काढून नामांची माळ लावतो.

माझा सल्ला: शब्द टाळू नका, क्रियापदासकट वापरा. 'खासगी गाडीचं पहिलं पासिंग पंधरा वर्षं चालतं. ते संपलं की गाडी तपासणीला न्यायची, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण.' हे कुणालाही कळतं.

मिस्त्री:
फी पण लिहा, लोक शब्दाआधी तेच विचारायलेत. १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाला दुचाकीचे तीनशेचे हजार झाले, कारचे सहाशेचे पाच हजार. पुढं ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना अजून चढवले, दुचाकीला दोन हजार, कारला दहा हजार. परदेशी गाडीचं गणित याहून बरंच वर. पर्यावरण कर वेगळा. विंटेज नोंदणी घ्यायची तर नवीनला वीस हजार, फेरनोंदणीला पाच हजार, आणि ती दहा वर्षं चालते.

दख्खनी:
'वीस पासिंग'वरून आठवलं. विंटेजची नवी नंबर मालिका आहे तिच्यात जिल्ह्याचा आकडाच नाही. राज्याची अक्षरं, मग 'व्हीए', मग दोन अक्षरं, मग चार आकडे. म्हणजे गाडी महाराष्ट्राची एवढंच कळतं, बीडची का परभणीची ते गेलं. पासिंगचा पहिला अर्थच पुसला. मात्र आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ज्याच्याकडं जुनं आरसी बुक शाबूत आहे त्यानं ते देवघरात ठेवावं.

परभणीकर (सध्या लेस्टर):
इकडचा मुद्दा घालते. ब्रिटनमध्ये 'हिस्टॉरिक' हा कराचा वर्ग आहे. गाडी बनून चाळीस वर्षं झाली की त्या वर्गात जाता येतं, आणि कर शून्य होतो. पण 'शून्य' आणि 'नाही' यांत फरक आहे. पैसे द्यायचे नसले तरी दर वर्षी कराची नोंद करावीच लागते. तपासणीचंही तसंच: मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाडीला वार्षिक तपासणीची सक्ती नाही, पण गेल्या तीस वर्षांत तिच्यात मोठे बदल झालेले नसावेत, आणि गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवायची जबाबदारी मालकाचीच. विम्याला सूट नाही, तो लागतोच. आमच्या शेजारच्या आजोबांच्या भाषेत गाडी 'करमुक्त' आहे, पण ते दर वर्षी इमानदारीत नोंद करतात. याला मराठीत काय म्हणावं? करमाफी?

शब्दपेठ:
'माफी' नको. माफीत आधी देणं असतं आणि मग कुणीतरी मोठ्या मनानं सोडतं, कर्जमाफीसारखं. 'करमुक्त'नं कागदातूनही सुटल्यासारखं वाटतं. तुमच्या वर्णनाला 'शून्य कर' हाच चपखल. 'कर शून्य, नोंद दरसाल.'

आपल्या पत्रकात मात्र ही गोष्ट चौकटीत टाका आणि वर ठळक 'ब्रिटनमध्ये' लिहा. नाहीतर चाळीस वर्षांचा नियम इथलाच समजून कुणीतरी आरटीओत वाद घालील. आपल्याकडं पन्नास, आणि वय मोजायचं पहिल्या नोंदणीपासून. तिकडं बनल्यापासून.

पैठणगेट:
'रोड टॅक्स'ला 'गाडीपट्टी' म्हणावं असं मला फार दिवस वाटतं. घरपट्टी, पाणीपट्टी आहेच. 'रस्ता कर' म्हटलं की लोक लगेच म्हणतात, कर घेता तर खड्डे का? कायदाही 'मोटार वाहन कर'च म्हणतो, तो गाडीवरचा कर आहे. (खड्ड्यांचा प्रश्न रास्तच आहे, तो भाग वेगळा.)

मांजराकाठ:
गाडीपट्टी आवडलं, पण छापायची हिंमत नाही. सगळ्यात अवघड शब्द राहिलाय: 'रिस्टोरेशन'. 'पुनर्बांधणी' लिहू का 'जीर्णोद्धार'?

मिस्त्री:
पुनर्बांधणी अर्जात लिहिलीत तर अर्ज तिथंच मेला! नियम म्हणतो मोठी उलथापालथ नको, आणि तुम्ही स्वतःच सांगायलात की पुन्हा बांधली.

शब्दपेठ:
'जीर्णोद्धार' कानाला गोड, पण आपल्या गावोगावच्या देवळांचे जीर्णोद्धार आठवा. मूळ काळा दगड ऑइल पेंटखाली, गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स, शिखर सिमेंटचं. उद्धार झाला, जीर्ण गेलं. गाडीच्या बाबतीत नेमकं हेच करायचं नसतं. 'डागडुजी' फार किरकोळ वाटते, पण दिशा बरोबर आहे: आहे ते टिकवायचं. मी 'मूळ स्थितीत दुरुस्ती' असं सुचवीन. आणि 'फेरफार' शब्द अजिबात नको. गावात फेरफार म्हणजे तलाठ्याकडची नोंद, वाचणारा सातबाराच काढून आणील.

मिस्त्री:
ताईंना एक जोड देतो. आपल्या भागात पेट्रोल जीप आणि अम्बॅसडरला डिझेल इंजिन बसवायची एक काळ साथच होती. पेट्रोल परवडत नव्हतं, शेतात डिझेल असायचंच. दिसायला गाडी साठ सालची, बॉनेट उघडलं की आत दुसरंच. अशा गाडीला लोक 'इंजिन बदली' म्हणतात. हा शब्द पत्रकात टाकाच. 'इंजिन बदली गाडी विंटेज नोंदणीला बसत नाही.' बोअर करणं, रिंगा-पिस्टन टाकणं याला आम्ही 'इंजिनचं काम' म्हणतो, ती दुरुस्ती झाली. गाडी मूळची आहे का नाही हे ठरवायचं काम समितीचं, पण मालकाला निदान स्वतःच्या गाडीचा फरक कळावा.

दख्खनी:
विम्याचंही उरकून घ्या. 'विमा' फारसीतून आलाय, मुळाशी 'बीम' म्हणजे भीती. शब्द चांगलाय, ठेवा. पण 'त्रयस्थ पक्ष विमा' बघा. त्रयस्थ म्हणजे ज्याचं काही देणंघेणं नाही असा तटस्थ माणूस. आणि इथं त्रयस्थ कोण, तर ज्याला तुमच्या गाडीनं उडवलं तो! त्याच्याइतकं देणंघेणं कुणाचंच नाही. लोक 'थर्ड पार्टी' म्हणतात तेच छापा, आणि पुढं फोड करा: 'तुमच्या गाडीमुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई.' कायद्यानं सक्तीचा तेवढाच.

शब्दपेठ:
त्यात एक नवी ओळ घाला. १ जून २०२२ पासून विंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी कारला थर्ड पार्टी हप्त्यात निम्मी सवलत आहे. नियमात 'खासगी कार' आहे, बुलेटवाल्यांनी फार आशा धरू नये. आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घेताना 'घसारा' शब्द समजावून सांगा. साध्या गाडीची किंमत दर वर्षी घसाऱ्यानं उतरते. नीट जपलेल्या विंटेजची बहुधा चढते. म्हणून तिथं किंमत कंपनी आणि मालक आधीच बोलून ठरवतात. याला कुणी 'संमत मूल्य' म्हणतं. मी 'ठरलेली किंमत' म्हणेन, भांडण झालं तर 'ठरलं होतं ना' असं म्हणता येतं.

मांजराकाठ:
एवढं झालं. शीर्षक असं करतो: 'विंटेज नोंदणीची गाडी: कर, पासिंग, विमा'. ते 'वि' का 'व्हि' राहिलंच.

पैठणगेट:
व्हॅन, व्हॉल्व्ह, व्हायोलिन लिहितो ना? मग व्हिंटेज. 'विंटेज' ही हिंदीची सवय, या चर्चेत आपण सगळ्यांनीच ती लावून घेतली. नंबर प्लेटवरचं 'व्हीए' वाचतानाही कुणी 'वीए' म्हणत नाही.

मिस्त्री:
गॅरेजात सगळे 'विंटेज'च म्हणतात. छापा काय छापायचं ते, मोबाइल नंबर तेवढा बरोबर टाका, लोक वाचण्यापेक्षा फोन करतील.