ते पहिले मिनिट : हृदय अचानक बंद पडताना पाहिलेल्यांचे अनुभव

सहा महिन्यांपूर्वी माझ्या डोळ्यांदेखत एका सहकाऱ्याचे हृदय बंद पडले आणि तो वाचला. त्यानंतर ज्यांना ज्यांना ही हकिगत सांगितली, त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात असाच एखादा प्रसंग दडलेला निघाला, म्हणून हे निमंत्रण. हार्ट अटॅक आणि कार्डिॲक अरेस्ट हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. पहिल्यात हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते, पण रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो आणि छातीत दुखते असे स्वतः सांगू शकतो. दुसऱ्यात हृदयाची विद्युतलय बिघडते, ते नुसते थरथरते किंवा थांबते, मेंदूकडे जाणारे रक्त खुंटते आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते, परंतु येथे दुसऱ्याविषयी लिहावे. शेवटी काय झाले यापेक्षा पहिल्या मिनिटात आपल्याला काय दिसले आणि आपण त्याचा काय अर्थ लावला, हे नेमके लिहावे, एवढीच विनंती आहे.

माझ्यापासून सुरुवात करतो. बैठकीत बोलता बोलता तो खुर्चीवरून घसरला, त्याचे हात ताठ झाले आणि काही क्षण झटके आले. कोणीतरी ‘फिट आली’ म्हणाले, म्हणून आम्ही खुर्च्या बाजूला करून त्याला कुशीवर वळवले. झटके थांबले, तेव्हा त्याचे तोंड मधूनच उघडत होते आणि घोरल्यासारखा आवाज येत होता. ‘घोरतोय, म्हणजे श्वास चालू आहे,’ असे मीच मोठ्याने म्हणालो, आणि माझ्या त्या एका वाक्याने खोलीतले सगळे जण थांबले. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेली हिशेब विभागातील सहकारी आत आली, तिने क्षणभर पाहिले आणि ‘हा श्वास नाही, हे आचके आहेत’ असे सांगून त्याला उताणे केले. तिने छातीवर दाब द्यायला सुरुवात केली, मी रुग्णवाहिका बोलावली आणि तिसऱ्याने प्रवेशकक्षातला एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणारे स्वयंचलित यंत्र, आणला. दोन शॉकनंतर लय परत आली. नंतर कॅमेऱ्यातील नोंद पाहिली, तेव्हा तो कोसळल्यापासून पहिला दाब पडेपर्यंत 1 मिनिट 40 सेकंद गेल्याचे दिसले. ते सेकंद माझ्या वाक्याचे आहेत.

एक पत्नी

मीही तो आवाज ऐकला आहे, आणि मी तर त्यानेच जागी झाले. रात्री अडीचच्या सुमारास यजमान विचित्र घोरत होते. मी कूस बदलायला सांगितले, मग चिडून हलवले, आणि दिवा लावला तेव्हा चेहरा निळसर दिसला. रुग्णवाहिकेसाठी फोन केला, तेव्हा फोनवरच्या बाईंनी दोनच प्रश्न विचारले : हाक मारल्यावर ते प्रतिसाद देतात का, आणि श्वास नेहमीसारखा आहे का. मी म्हणाले, ‘श्वास आहे, पण वेगळा आहे.’ त्यांनी प्रत्येक श्वासाला ‘आता’ म्हणायला सांगितले. मी एकदा ‘आता’ म्हटले आणि पुढचे ‘आता’ म्हणण्याआधी इतका वेळ गेला की मला स्वतःलाच कळून चुकले.

गादीवर दाब देऊन उपयोग होत नाही, कारण छातीऐवजी गादीच दबते, म्हणून त्यांना जमिनीवर घेण्यास सांगण्यात आले. माझ्यापेक्षा पंचवीस किलोने जड असलेल्या माणसाला मी चादरीसकट ओढले. त्यांचे डोके आपटले, याचे मला कितीतरी दिवस वाईट वाटत होते. दाब देऊ लागले आणि हाताखाली काहीतरी कडकन मोडले. मी थांबले, तर फोनवरून आवाज आला : ‘बरगडी असेल, ती जुळते. थांबू नका.’ पथक येईपर्यंत अकरा मिनिटे लागली. शेवटची काही मिनिटे मी रडत आकडे मोजत होते.

यजमान आज बरे आहेत, त्यांच्या छातीत आयसीडी, म्हणजे लय बिघडल्यास आतूनच शॉक देणारे छोटे यंत्र, बसवला आहे. त्या रात्रीच्या आधीचे आणि नंतरचे मिळून जवळजवळ तीन आठवडे त्यांच्या स्मरणातून गेले आहेत. ते शांत झोपतात. मी मात्र त्यांच्या घोरण्यावर कान ठेवून असते.

रुग्णवाहिकेवर काम करणारा

वरचे दोन्ही अनुभव वाचून नवल वाटले नाही. रक्तपुरवठा थांबल्यावरही मेंदूचा खालचा भाग काही मिनिटे हे आचके देत राहतो आणि पाहणारा फसतो. बेशुद्ध असलेला आणि नीट श्वास न घेणारा, एवढे पुरेसे आहे. नाडी शोधत बसू नये, घाईत आम्हालाही ती चुकते. छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 या गतीने, मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबावे आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दुसरे कोणी असल्यास दर दोन मिनिटांनी हात बदलावेत, कारण दमलेल्या माणसाचा दाब त्याच्या नकळत उथळ होतो. बुडालेल्या व्यक्तीला आणि लहान मुलांना मात्र तोंडाने श्वास देणेही फार महत्त्वाचे असते, कारण तिथे बहुधा प्राणवायूच आधी संपलेला असतो.

यंत्राची भीती मला सर्वांत निरर्थक वाटते. एईडी लय स्वतः तपासतो आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही. थरथरणाऱ्या हृदयाला शॉक मिळण्यास दाबाविना जितका उशीर होतो, त्यात दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. स्त्री रुग्ण असेल तर कपडे बाजूला करण्याच्या संकोचाने लोक थबकतात, हे मी फार वेळा पाहिले आहे. पण एईडीच्या चिकट पट्ट्या उघड्या त्वचेवरच लागतात.

क्रीडा प्रशिक्षक

12 जून 2021 रोजी कोपनहेगन येथील सामन्यात डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन कोसळला आणि मैदानावरच त्याला वाचवण्यात आले, हे जगाने पाहिले. आमच्या मैदानावर सोळा वर्षांचा मुलगा धावताना पडला. त्याला कोणाचा धक्का लागला नव्हता, आणि नेमके तेच लक्षण आम्ही ओळखले नाही. उन्हाने भोवळ आली असे समजून मी त्याच्या तोंडावर पाणी मारत राहिलो. यंत्र होते, पण कुलपात. किल्ली असलेला माणूस जेवायला गेला होता. मुलगा गेला. पुढे कुटुंबीयांचे ईसीजी काढले, तेव्हा धाकट्या बहिणीतही हृदयाच्या लयीचा तोच आनुवंशिक दोष सापडला आणि तिच्यावर उपचार सुरू झाले. आता आमचे कपाट उघडे असते. चोरी होईल असे कोणी म्हणाले, तर होऊ द्या, असे मी सांगतो.

एक मुलगी

आम्ही काहीही चुकलो नाही. वडील पडताच भावाने दाब द्यायला सुरुवात केली, पथकही लवकर आले, तरी ते वाचले नाहीत. हेही येथे लिहिलेले असावे, असे वाटले.

पहिल्या अनुभवातील सहकारी

तो मीच. 1 मिनिट 40 सेकंदांची गोष्ट मला आजच कळली, आणि राग शोधूनही सापडला नाही. मला ना प्रकाश दिसला ना बोगदा. दाढी करतानाची सकाळ आठवते आणि त्यानंतर थेट अतिदक्षता विभागाचे छत. अजून लवकर थकायला होते, नावे जिभेवर येऊन अडतात, आणि छातीतले यंत्र एकदा चालले तेव्हा आतून लाथ बसल्यासारखे वाटले. दाब देणाऱ्या सहकारीला मी आभाराचे पत्र तीनदा लिहायला घेतले आणि तीनदा फाडले. मग एके दिवशी तिच्याकडून दाब द्यायला शिकलो. बाहुलीची छाती माझ्या अपेक्षेपेक्षा खूपच कडक निघाली.

त्या बैठकीत मी नेमके काय बोलत होतो, हे मात्र मला अजून कोणी सांगितलेले नाही.