मदत हवी आहे: नागपूरकर भोसल्यांच्या वाड्यातला खून, प्रसंग जुळत नाही

परसोजी भोसल्यांच्या खुनावर रहस्य कादंबरी लिहितोय. दुसरे रघुजी मार्च १८१६ मध्ये गेले. गादीवर परसोजी, आंधळे अन् अंगानं अधू. कारभार चुलतभाऊ आप्पासाहेबांकडे. १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी मेलेले सापडले तेव्हा आप्पासाहेब चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. माझा मारेकरी रात्री दोन वाजता काळोखात परसातून शिरतो, आगपेटीनं दिवा लावतो, दुधात सोमल (आर्सेनिकचं पांढरं विष) घालतो. सकाळी इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, रेसिडेंट जेन्किन्स, याचा डॉक्टर सोमल सिद्ध करतो. काय खटकतं? गावात वाचनालय नाही, म्हणून इथं विचारतो.

पांदण
भाऊ, काळोख आधी काढा. तो माघी पौर्णिमेचा सुमार, टिपूर चांदणं. दिवा लागतोच कशाला? माघाची थंडी आहे, घोंगडी पांघरू द्या, तोंड आपोआप झाकतं. घासून पेटणारी काडी १८२७ ची. तुमच्या वेळी चकमक, पोलाद अन् सावरीच्या कापसाचा बोळा. बोळा दवानं सर्द झाला की ठिणगी धरत नाही, पुन्हा पुन्हा ठोकावं लागतं. परसोजींना दिसत नव्हतं, पण ती टकटक ऐकू येईल ना! 'दोन वाजता'ही नको, रात्रीचा तिसरा प्रहर म्हणा.

जडीबुटी
सोमल गार दुधात नीट विरघळत नाही, पेल्याच्या बुडाशी पांढरी पूड राहते. पुरावा म्हणून छान आहे, पण मरण बसत नाही. उलट्या, जुलाब, बहुधा दिवसभराची तडफड. सगळा वाडा जागा होईल. काही तासांत संपवायचं तर बचनाग, ही विषारी मुळी: ओठ-जीभ बधिर, अंगाला मुंग्या, मग नाडी चुकते. उलट्या-जुलाब बघून 'पटकीची (कॉलऱ्याची) साथ होती' ही थापही चालणार नाही, मोठी साथ बंगालात सुरू झाली तीच ऑगस्ट १८१७ मध्ये. अन् शरीरातला सोमल खात्रीनं दाखवणारी मार्शची चाचणी १८३६ ची. डॉक्टरला फक्त संशय घेऊ द्या.

धागाकर्ता
डॉक्टर गेला तर खून उघडकीस कोण आणणार?

पांदण
तेव्हा कोणीच नाही, बाप्पा. मरण नैसर्गिक म्हणून खपलं. आप्पासाहेबांवर उघड आळ आला तो इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर, म्हणजे नोव्हेंबर १८१७ च्या पुढं. तोवर पहाऱ्यावरच्या माणसाला गप्प ठेवा. टकटक त्यानंही ऐकली होती.