बोगद्याच्या आधीच पोट ढवळतं

'इर्रिव्हर्सिबल' (२००२) या चित्रपटाबद्दल 'बोगद्यातला बलात्काराचा तो नऊ मिनिटांचा प्रसंग सहन न होऊन लोक उठून जातात' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. मळमळायला लागतं ते त्याच्या बरंच आधी, आणि दोष एकट्या गरगरणाऱ्या कॅमेऱ्याचा नाही. पहिल्या अर्ध्या तासात दिग्दर्शक गास्पार नोएने २७-२८ हर्ट्‌झच्या आसपासची घरघर मुद्दाम मिसळली आहे. इतकी खालची की कानाला धड कळत नाही, पोटात मात्र जाणवते. मी पहिल्यांदा लॅपटॉपवर पाहिला तेव्हा 'एवढं काय त्यात' म्हणून मोकळा झालो होतो. त्या स्पीकरातून तो आवाज येतच नाही! पुढे एका मित्राकडे मोठ्या सबवूफरवर (खालच्या आवाजांसाठीचा स्पीकर) लावला, तर टीपॉयवरच्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं. त्याची आई आतून विचारत आली, "खालचा पंप अजून चालूच आहे का रे?" आम्ही विसाव्या मिनिटाला बंद केला.

आणि ज्यांना 'निदान सूड तरी घेतला' म्हणून बरं वाटलं, त्यांनी क्लबमधला सुडाचा प्रसंग पुन्हा पाहा (रहस्यभेद आहे, सांभाळून). अग्निशामक नळकांड्याने ज्याचं डोकं ठेचतात तो गुन्हेगार नसतोच. खरा माणूस बाजूला उभा राहून मजा बघतोय. कथा शेवटाकडून सुरुवातीकडे उलटी चालते, त्यामुळे तोवर आपण त्याचा चेहरा पाहिलेलाच नसतो. माझ्याही हे पहिल्या खेपेला लक्षात आलं नव्हतं. २०१९ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवलेल्या सरळ क्रमाच्या आवृत्तीत ते लगेच कळतं.