मुलांच्या कवितेत यमक कोण घालतं? आपणच ना?

खाडीकाठची:
लेक चौथीत. शाळेत पावसावर कवितांची स्पर्धा होती, घरून लिहून न्यायची. तिने लिहिली ती अशी:

पाऊस थांबला की खाडीला वास येतो.
आई खिडकी लावते.
मी उघडते.
वास आत येतो आणि माझ्याजवळ अभ्यासाला बसतो.

मी काय केलं? ‘अगं, कवितेत यमक असतं’ म्हणत पेन माझ्या हातात घेतलं. दहा मिनिटांत ‘आला’ला ‘झाला’ जुळला, सरी रिमझिम झाल्या आणि शेवटी मोर नाचला. ठाण्यात कोलशेतला मोर! इथे कबुतरांपायी बाल्कनीला जाळ्या लावून बसलोय आम्ही.

दुसरा नंबर आला. लेक सर्टिफिकेट टेबलावर ठेवून म्हणाली, “आई, तुझा दुसरा नंबर आला.” तीन आठवडे झाले, वहीला हात नाही.

तर आता माझं ठाम मत झालंय. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना यमक, छंद, वृत्त यातलं काहीही सांगू नये. लिहू द्यावं, बस. पटतंय का?

कळव्याच्या बाई:
नाही पटत. ३१ वर्षं प्राथमिकला शिकवलंय, म्हणून जरा लांबण लावते.

तुम्ही पेन हातात घेतलंत ही चूक. त्याची शिक्षा यमकाला का? मुलं यमकातच वाढतात हो. भोंडल्याला फेर धरतात, लंगडी-पकडीत राज्य कोणावर ते ठरवताना काय म्हणतात ते ऐका. अर्थ नसला तरी ताल असतोच.

मी वर्गात मोठा अभंग हा छंद खेळ म्हणून घ्यायचे. चार तुकडे, अक्षरं सहा, सहा, सहा, चार. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही, यमक फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याला. बोटांवर मोजता येतं, म्हणून गणितात रमणारी मुलंसुद्धा यायची. तिसरीतल्या एका मुलीने केलेला अजून पाठ आहे:

लिफ्ट बंद आहे
आजी वर पाहे
घाम तिचा वाहे
जिन्यावर

मोजून बघा. (‘आहे’चं यमक वरकमाई.) ‘काहीही लिही’ सांगितलं की मूल कोऱ्या पानाकडे बघत बसतं. सहा अक्षरं शोध म्हटलं की शोधत सुटतं.

खाडीकाठची:
बाई, आजी झकास आहे. पण ‘पाहे’ कुठलं मूल बोलतं? तिला ‘बघते’ म्हणायचं असणार. यमकासाठी तिने आपला शब्द सोडला आणि जुना उसना घेतला. माझा मोर असाच तर आला!

कळव्याच्या बाई:
उसना कसला? तिच्या आजीचे अभंग रोज कानावर पडायचे तिच्या. ‘पाहे’ सापडल्यावर बाकावर उभी राहिली होती पोर. तुमचा मोर तुम्ही आणलात, ‘पाहे’ तिने आणलं.

नेरुळ पूर्व:
दोघींनाही विरोध करतो. प्रोत्साहन हाच रोग आहे.

माझा मुलगा इंग्रजी माध्यमात. फेब्रुवारीत तळ्यावर फ्लेमिंगो बघून आल्यावर स्वतःहून दोन ओळी लिहिल्या: ‘फ्लेमिंगो एका पायावर उभा राहतो, त्याला कोणी शिक्षा केली?’ मी खूश. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर. सत्तावीस अंगठे, ‘छोटा कवी’, मामाने तर ‘पुस्तक काढू या’ म्हटलं. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात, सोसायटीवाल्यांनी त्याला झब्बा घालून माइकसमोर उभं केलं. तो ती ओळ विसरला. आता पेन घेतलं की आधी विचारतो, “हे ग्रुपवर टाकणार का?”

यमक असो नसो, मुलाची कविता मुलाच्या वहीत राहू द्या. मागितल्याशिवाय वाचायचीसुद्धा नाही.

कळव्याच्या बाई:
झब्ब्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण अजिबात वाचायची नाही हे अति झालं. मूल लिहितं ते कोणीतरी ऐकावं म्हणूनच. ‘वा, छान’ म्हणून मोकळं होऊ नका, इतकंच. मुलांना कळतं आपण ऐकलं नाही ते. मी विचारायचे, “मग त्या आजीला पाणी कोणी दिलं?” की दुसरं कडवं तयार.

आणि खाडीकाठच्या ताई, लेकीला ठाणे स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात न्या एकदा. १८९३ पासून आहे ते. मुलांच्या कवितांची पुस्तकं मागा, तिची तिला चाळू द्या. कविता न वाचता कविता लिही म्हणणं म्हणजे वरण न चाखता फोडणी द्यायला सांगणं.

रात्रपाळी:
नोकरी धरून चार वर्षं झाली. लहानपणी माझ्या कविता बाबा लाल पेनाने ‘शुद्ध’ करायचे. वेलांट्या सुधारल्या त्याचं काही वाटलं नाही. एकदा ‘वडापाव’ खोडून ‘फराळ’ लिहिलं, तिथे संपलं सगळं. एवढंच सांगायचं होतं.

खाडीकाठची:
रात्रपाळी, वाचून पोटात कालवलं.

काल हट्टाने बाईंचा खेळ करून पाहिला. सहा-सहा-सहा-चार इतकंच सांगितलं आणि पेनापासून लांब, ओट्याशी उभी राहिले. पाऊण तास बोटं मोजत होती. तीन आठवड्यांनी वही उघडली, हे कबूल करते. पण बघा काय झालं. ‘खाडीला वास येतो’ची सात अक्षरं होतात. तिने सरळ ‘वास’ खोडला आणि ‘खाडीला पाणी ये’ केलं! ज्या वासासाठी कविता होती तोच गेला. म्हणून माझं मत आहे तिथेच आहे.

कळव्याच्या बाई:
‘खाडीचा तो वास’. सहा. वास ठेवा, ‘येतो’ काढा.

नेरुळ पूर्व:
बाई, आता पेन तुमच्या हातात आलं.

कळव्याच्या बाई:
आलं खरं. खोडते. तिलाच विचारा.

खाडीकाठची:
तोवर दाखवून झालं होतं. म्हणाली, “‘येतो’ काढला तर वास आलाच नाही ना मग.” आणि वही घेऊन आत गेली. दार लावून.