अँथ्रोच्या (मानववंशशास्त्राच्या) पीएचडीला फील्डवर्कचे वेगळे पैसे द्यावेत का?

सातपुडा: माझं म्हणणं, द्यायलाच हवेत. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी यूजीसीची फेलोशिप, 2023 पासून महिना 37,000 झाली, चांगलंच झालं, पण कंटिन्जन्सी (पुस्तकं, प्रवास वगैरे वरखर्चाचे पैसे) बघा, आपल्या विषयांना पहिली दोन वर्षं वर्षाला 10,000. त्यात नंदुरबारमधल्या धडगावच्या पाड्यावर वर्षभर राहून काम कसं करणार? पेरणी, होळी, माणसं गुजरातेत कामाला जातात ते महिने, सगळं बघावं लागतं. पुण्यातल्या खोलीचं भाडं चालूच, तिकडे राहण्याजेवणाचे द्या, तिथली पावरी बोली समजावून सांगणाऱ्याचा रोज द्या, शेवटची एसटी चुकली की जीपवाला सांगेल ते. आणि फेलोशिप कधी जमा होईल याचा भरवसा नाही, युनिव्हर्सिटीतून महिन्याचं कन्फर्मेशन गेलं नाही की अडकलीच.

हिशेबी: नाही पटत. 37,000, वर घरभाडं, तेही पाच वर्षं! सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवणाऱ्या नेट-सेट झालेल्यांना विचारा हातात काय पडतं. वेगळं अनुदान काढलं की खोट्या बिलांचा धंदा सुरू होईल. पैसा लोकांचा आहे, प्रबंध त्या पाड्यावर कोण नेऊन देतं?

नॉननेटवाली: तुम्ही दोघं जेआरएफवरच भांडताय. केंद्रीय विद्यापीठात नॉन-नेटला, म्हणजे जेआरएफ नसलेल्या पीएचडीवाल्यांना, महिना 8,000, राज्य विद्यापीठांत कित्येकांना तेवढेपण नाहीत. बार्टीच्या (अनुसूचित जातींसाठीची राज्य सरकारची संस्था) फेलोशिपसाठी पोरं आझाद मैदानात बसली, सारथीच्या (मराठा-कुणबी समाजासाठीची तशीच संस्था) फेलोशिपच्या जागा 200 वर आणल्या तेव्हा तर उपमुख्यमंत्रीच सभागृहात म्हणाले पीएचडी करून काय दिवे लावणार. आधी सगळ्यांना जगण्यापुरतं मिळू दे, फील्डचं नंतर बघू.

सातपुडा: नंतर म्हणजे कधीच नाही गं. न्यूयॉर्कचं वेनर-ग्रेन फाउंडेशन खास प्रबंधाच्या फील्डवर्कला 25,000 डॉलरपर्यंत देतं, कुठल्याही देशाच्या विद्यार्थ्याला, पण जगभरातून अर्ज येतात, किती जणांना मिळणार? @हिशेबी, खोट्या बिलांची भीती असेल तर हप्ते करा, गाइडने फील्ड डायरी बघूनच पुढचा सोडायचा. पण पहिला हप्ता फील्डला निघायच्या आधी हातात पाहिजे.

पावरा_पोरगा: मी त्याच भागातला. माझ्या आत्याकडे एक रिसर्चर महिनोन् महिने राहिली, आत्याने पैसे मागितले नाहीत, तिनेही विचारलं नाही, चुलतभाऊ मजुरी बुडवून तिच्यासोबत दुभाष्या म्हणून फिरला. अनुदान द्या, पण दुभाष्याचा रोज आणि घरमालकिणीचे पैसे त्यात आधीच लिहा.

हिशेबी: हे मान्य, फक्त ते थेट त्यांच्या खात्यात जाऊ देत, रिसर्चरच्या हातात नको. बाकीच्या खर्चाला माझा विरोध कायम.