बाहुला बोचरं बोलला की अर्धं सभागृह गप्प का होतं?

नवखा_शब्दभ्रमी: शब्दभ्रमाचा, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करण्याचा, माझा वीस मिनिटांचा प्रयोग. बाहुला म्हणजे खवट म्हातारा, तोंडाने फाटका. टक्कल, ढेरी, सासरवाडी असे विनोद. एके ठिकाणी टाळ्या, दुसरीकडे तोच विनोद थंड. संहिता सौम्य करू का? अमेरिकन शब्दभ्रमी जेफ डनहमचा अहमद हा बाहुला तर आत्मघातकी दहशतवाद्याचा सांगाडा, तरी लोक लोटपोट. आणि इथे टकलावर गाडी अडते!

पडद्यामागे: संहितेला लगेच कात्री लावू नका. बाहुला बोलल्यावर तुम्ही काय करता ते आधी बघा. तुम्हीच हसत असाल तर तिथेच घात होतो, कारण मग ते बोलणं तुमचं ठरतं. बाहुला आगाऊ, माणूस भिडस्त, या जोडीवर सगळा डोलारा उभा असतो. दचका, त्याच्याकडे वळा, "अहो, काय बोलताय!" म्हणून दटावा. मग तो त्याहून वाईट बोलेल. मोठा हशा बहुतेकदा त्या दुसऱ्या वाक्याला येतो.

पहिले तीन-चार फटके तुमच्यावरच बसू देत: तुमचा शर्ट, तुमची कमाई. मग बाहुल्याची फजिती. प्रेक्षकातला माणूस त्यानंतर, तोही आधीपासून खळखळून हसणारा. हाताची घडी घालून बसलेल्याला छेडलंत तर आजूबाजूची अख्खी रांग त्याच्या बाजूने जाते.

अहमदचं गणितही हेच. तो ठार मारायची धमकी देतो आणि कुणीच घाबरत नाही. हसू त्याच्या फजितीचं असतं. तरी तो सगळीकडे खपला असं नाही. 2008 मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याची रिंगटोनची जाहिरात तिथल्या जाहिरात-नियामकांनी बंद करायला लावली.

ओठबंद: थंड पडण्याचं कारण कधीकधी निव्वळ तांत्रिक असतं. प, फ, ब, भ, म ओठ मिटल्याशिवाय नीट येत नाहीत. प ऐवजी त, ब ऐवजी द, म ऐवजी न जिभेने काढून चालवतात, पण नेमक्या पंचच्या, म्हणजे हशा आणणाऱ्या, शब्दात ते गढूळ ऐकू येतं. "तुमचं डोकं बघा, पॉलिश मारलंय" यात चार ओष्ठ्य अक्षरं. त्यापेक्षा "डोकं आहे की आरसा?" यात एकही नाही. फक्त 'डो' म्हणताना ओठांचा चंबू होऊ देऊ नका.

या आरशाच्या वाक्याला बाहुल्याचा जबडा सात वेळा उघडतो, उच्चारागणिक एकदा. नवशिक्यांचा जबड्याचा खटका उलटा पडतो, आवाज येतो तेव्हा बाहुल्याचं तोंड मिटतं. मग लोक विनोद सोडून तुमचे ओठ बघतात.

जुना_रेडिओ: बाहुल्याला सगळं माफ असतं, हे अर्धंच खरं. 12 डिसेंबर 1937 ला अमेरिकन शब्दभ्रमी एडगर बर्गनच्या रेडिओ कार्यक्रमात अभिनेत्री मे वेस्टने त्याच्या चार्ली मॅकार्थी या बाहुल्याशी चावट संवाद केले. शिवाय आदम-ईव्हचं प्रहसन होतं. गदारोळ झाल्यावर एनबीसी या रेडिओ कंपनीने दूर ठेवलं ते वेस्टला. चार्ली बोलतच राहिला!

नवखा_शब्दभ्रमी: आणि ऐन प्रयोगात शांतता पसरली तर?

पडद्यामागे: दोन सेकंद काहीच बोलू नका. बाहुल्याची मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा, मग तुमच्याकडे. "तरी सांगत होतो, हा जोक काढ." दोष तुमच्यावर, लोक सुटतात. पण ही युक्ती एका प्रयोगात एकदाच. आणि ज्याला छेडलं त्याने मान खाली घातली असेल तर तीही नको. सरळ विषय बदला, पुन्हा त्या खुर्चीकडे बाहुल्याची नजरसुद्धा वळवू नका.